टाचेचा तडा

दुपारचे तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. हे मी अंदाजाने सांगत नाही. माझ्या पुढच्या फळीवरचं घड्याळ नेमकं त्याच मिनिटाला बंद पडलं आणि पुढे कित्येक वर्षं तेवढीच वेळ दाखवत राहिलं.

मी एक जुनी मोटार बोलतेय. आता माझा रंग गर्द हिरवा आहे, माशी बसली तर घसरून पडेल इतका गुळगुळीत. पण तेव्हा मी पांढरी होते आणि नदीकाठच्या एका लहान गावात, दवाखान्याच्या नर्सबाईंकडे होते. कारखान्यातून निघाले तेव्हाचं मला फारसं आठवत नाही. तापलेला पत्रा, हातोड्यांचे घाव, आणि कोणीतरी दार आपटून म्हणालं, "चला, ही झाली." बाळाला आपला जन्म आठवतो का? तसंच ते.

गावात यायला एकच पूल होता आणि तोही एका वेळी एकच गाडी मावेल एवढा. समोरून दुसरी आली की कोणीतरी मागे सरायचं. त्यावरून डोकी फुटायला नकोत म्हणून गावाने एक रीत पाडली होती. दोन छोटे हॉर्न दिले की अर्थ, 'तू ये, मी थांबतो.' ही रीत मी दुसरीकडे कुठेच पाहिली नाही.

त्या दुपारी सुताराची बायको माझ्या पुढच्या सीटवर होती. मागे तिची सासू आणि कपड्यांचं गाठोडं. पुलावर विटांचा ट्रक बंद पडलेला. बाईंनी लांबलचक हॉर्न दिला, तर ट्रकवाला खाली उतरून हात जोडून उभा.

"बाई, आता नाही हो दम धरवत," सुताराची बायको कळा देत म्हणाली.

"मग नको धरूस. पाय टेकव आणि जोर लाव."

सासू मागून ओरडली, "अगं बाई, इथं गाडीत? लोक काय म्हणतील?"

"लोकांना म्हणावं, तोंडं फिरवा!" बाई म्हणाल्या.

तिने जोर लावला आणि तिची टाच सटकून थेट माझ्या घड्याळावर बसली. काचेला वरपासून खालपर्यंत तडा गेला, मध्ये एक फाटा फुटलेला. काटे थांबले आणि पोर रडली. दोन्ही एकदमच.

मुलीचं नाव घरच्यांनी काहीही ठेवलेलं असो, गाव तिला 'पुलावरची'च म्हणायचं.

नवव्या दिवशी तिच्या आईला ताप भरला. मोठ्या दवाखान्यात नेताना ती माझ्यातच बसून गेली. येताना ती सीट रिकामी होती. मी जेवढी पळता येईल तेवढी पळाले होते हो. पण गाडी पोचवते फक्त, वाचवत नाही.

सुताराकडे बायकोचा एक फोटोही नव्हता. लग्नातला काढायचा राहिला, मग म्हणाले मूल झालं की तिघांचा मिळून काढू. त्यामुळे दर वाढदिवसाला तो लेकीला माझ्याकडे घेऊन यायचा. तिला पुढच्या सीटवर बसवायचा आणि सांगायचा, "ही बघ, तुझ्या आईची टाच." पोर त्या तड्यावरून बोट फिरवायची, वरून खाली, मग फाट्यावरून. सावकाश, कोणी झोपलंय आणि उठायला नको असं.

एकदा एका मेकॅनिकने काच बदलायला स्क्रू-ड्रायव्हर काढला. बाई कडाडल्या, "हात लावशील तर बघ! ती माझी नाही, त्या पोरीची आहे."

ती आठ वर्षांची झाली आणि नदीवर धरण आलं. गाव उठलं. शाळा, दवाखाना, सुताराचं घर आणि तो पूलसुद्धा पाण्याखाली गेला. माणसं वाट फुटेल तिकडे पांगली. बाई थकल्या, मला विकून भाच्याकडे गेल्या आणि तिकडेच संपल्या. माझं पुढचं आयुष्य सांगण्यासारखं नाही. एकाने मला ताडपत्रीखाली ठेवलं ते विसरूनच गेला. उंदरांनी सीटमध्ये संसार थाटला. मला त्यांचा राग आला नाही, निदान कोणीतरी नांदत होतं.

शेवटी मला एका चित्रकलेच्या मास्तरांनी घेतलं. निवृत्तीनंतर माणसं देवाधर्माला लागतात, हे माझ्या मागे लागले. चार वर्षं घासत होते. मास्तरीणबाई म्हणायच्या, "एवढी माझी काळजी घेतली असती तर मीही अशीच चमकले असते." रंग मात्र त्यांनीच निवडला. हिरवा.

जुन्या गाड्या पाळणाऱ्यांची एक वेगळीच जात असते. रविवारी सकाळी मैदानात जमतात, एकमेकांच्या बॉनेटखाली डोकी घालतात आणि पाव्हण्याने पोराच्या गालाला हात लावावा तसा मडगार्डला हात लावतात. तिथे शिरताना फाटकात समोरून एक काळी गाडी आली. वाट एकाच गाडीपुरती. मास्तरांनी सवयीने दोन छोटे हॉर्न दिले. समोरच्यानेही त्याच वेळी दोन छोटे हॉर्न दिले!

दोघेही गाड्या तिथेच सोडून खाली उतरले.

"पूल?" मास्तरांनी विचारलं.

"पूलच!" काळ्या गाडीवाला म्हणाला. "कुठल्या बाजूचे तुम्ही?"

"शाळेच्या मागचे. तुम्ही?"

"भट्टीवाल्याच्या शेजारचा! अहो, शाळेची घंटा म्हणजे रुळाचा तुकडा होता, आठवतो?"

"आठवतो? चोरला होता मी तो!"

मागे चार गाड्या खोळंबल्या होत्या, पण या दोन म्हाताऱ्यांना शुद्ध कुठे? काळ्या गाडीवाल्याचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं, म्हणून सगळे त्याला घड्याळजी म्हणत. दोघांनीही शिक्षणासाठी दहा-बारा वर्षांचे असतानाच गाव सोडलेलं. मास्तरांनी माझे जुने कागद दाखवले. पहिलं नाव नर्सबाईंचं. घड्याळजींचे डोळे भरले. "माझा धाकटा भाऊ बाईंच्याच हातचा. मास्तर, ही गाडी नाही, गाव आहे आपलं."

त्या दिवसापासून दर रविवारी दोघं माझ्यात बसून गावात फिरायचे. गाडी जागेवरच उभी. हा म्हणायचा, आता डावीकडे पिठाची गिरणी. तो म्हणायचा, नाही, आधी न्हाव्याचं दुकान. मी ऐकत राहायचे. पण पुलावरच्या त्या दुपारआधीच दोघं गावातून निघाले होते. ती गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती, आणि मला तोंड नव्हतं.

मग जुन्या गाड्यांचा वर्षाचा मेळा जवळ आला. त्यात परीक्षक असतात, गाडीतलं जे बंद असेल त्याचे गुण कापतात.

"आपल्या गावच्या गाडीत बंद घड्याळ?" घड्याळजी म्हणाले. "अहो, माझ्या धंद्याची अब्रू जाते! पैशाचं नाव काढाल तर बोलणार नाही."

त्यांनी घड्याळ काढायला घेतलं. हॉर्न देऊन ओरडावं तर बॅटरीची तार सोडलेली. किती प्रेमाने काढलं त्यांनी! कापसाने पुसून, फुंकर घालून. शत्रू असता तर दारात बोट तरी चिमटलं असतं. पुढच्या रविवारी नवी काच बसली. टिक टिक सुरू झाली. मास्तरांनी टाळ्या वाजवल्या.

एक बरं केलं. या मंडळींची एक शिस्त असते, जुना सुटा भाग फेकायचा नाही. घड्याळजींनी ती काच फडक्यात गुंडाळली, 'तडा गेलेली, बदलली' अशी चिठ्ठी लावली, आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात घालून डिकीत जॅकच्या मागे सारली.

मेळ्याच्या दिवशी मैदान फुललं होतं. एक बाई लेकीचं बोट धरून एकेका गाडीच्या काचेतून आत वाकून बघत होती. बघायची आणि पुढे सरकायची. चाळिशीच्या आसपासची, पायात झिजलेल्या चपला. माझ्याजवळ आली. काचेवर तळहात टेकवला, आणि तिचं एक बोट आपोआप हललं. वरून खाली. मग फाट्यावरून.

मी ओळखलं. मी ओळखलं हो!

"काका," तिने मास्तरांना विचारलं, "हे घड्याळ चालू असतं का?"

"असतं का?" घड्याळजीच मध्ये बोलले. "सेकंदाला चुकत नाही!"

"पहिल्यापासून?"

परीक्षक दोन पावलांवर आले होते. मास्तरांनी छाती काढली आणि एरवी कधी खोटं न बोलणारा माणूस एवढं एकच खोटं बोलला, "अगदी कारखान्यातून निघाली तशी आहे. एक काचसुद्धा बदललेली नाही."

"बरं," ती म्हणाली.

लेकीने तिचा हात ओढला. "आई, आजीची गाडी हीच ना?"

"नाही गं. आजीच्या गाडीतलं घड्याळ बंद होतं. आणि ती पांढरी होती."

मास्तर तेव्हा परीक्षकांना माझं इंजिन दाखवत होते. त्यांना ऐकू गेलं नाही. मी काय करणार? पाणी गरम करून वाफ सोडायला इंजिन तरी चालू हवं. मी थंड उभी होते, तिची पाठ बघत.

मला बक्षीस मिळालं. 'सर्वांत अस्सल जपलेली गाडी.' दोघे मित्र गळ्यात पडून हसले, रडले. निघताना फाटकात मास्तरांनी घड्याळजींसाठी दोन छोटे हॉर्न दिले. पलीकडे थांब्यावर ती उभी होती. तिची मान झटकन वळली. तिने लेकीचा हात घट्ट धरला, एक पाऊल पुढे टाकलं. तेवढ्यात मध्ये बस आली. बस गेली तेव्हा थांबा रिकामा होता.

आता मी मास्तरांच्या गॅरेजमध्ये आहे. घड्याळ चोख चालतं. दिवसातून दोनदा तीन वाजून वीस मिनिटं होतात आणि मिनिटभर मी पुन्हा तीच पांढरी गाडी असते. मग काटा पुढे सरकतो. त्याला कोण थांबवणार?

म्हणून हात जोडते, म्हणजे हात असते तर जोडले असते. तुम्ही बसने जाता, बाजारात जाता, शाळेच्या फाटकात मुलांची वाट बघत चार जणींशी बोलता. कधी कोणी सुताराची लेक भेटली, हवेत बोट फिरवताना दिसली, तर तिला एवढं सांगा : हिरवी गाडी तीच आहे. तुझ्या आईची टाच डिकीत आहे, जॅकच्या मागे, बिस्किटाच्या डब्यात. तुम्हाला नाही भेटली तर भेटेल त्याला सांगा, आणि त्यालाही पुढे सांगायला सांगा.