गंधकाने दमवलेले दाणे

मित्रांनो, काचेच्या नळीत पडलेले हे मूठभर तपकिरी दाणे दिसतात ना, ते म्हणजे मी. नागपूरच्या एका प्रयोगशाळेत माझा जन्म झाला, तेव्हा मी पांढराशुभ्र होतो. तिथे संशोधन करणाऱ्या दीप्तीने माझे बारीक छिद्रांचे दाणे रसायनात भिजवून वाळवले. काम एकच होतं. धुरातला कार्बन डायऑक्साइड धरायचा, तापवलं की सोडायचा आणि पुन्हा धरायला तयार व्हायचं.

सिलिंडरमधल्या स्वच्छ वायूवर मी हे दोनशे वेळा केलं. जरासुद्धा दमलो नाही. दीप्तीचे सर खूश झाले. म्हणाले, "हेच आकडे परिषदेत मांडू."

"सर, चिमणीतून इतका स्वच्छ वायू निघत नाही," दीप्ती म्हणाली. "आधी खऱ्या धुराला लावून बघू."

सरांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण तिने हट्ट सोडला नाही. ऐन मे महिन्यात ती आणि तंत्रज्ञ गणपतराव मला शहराबाहेरच्या वीजकेंद्रात घेऊन गेले. चिमणीजवळच्या नळाला मला जोडलं.

कोळशाच्या धुरात गंधकाचा वायूही असतो. तो मला चिकटला तो सुटेचना. कितीही तापवलं तरी नाही. रोज तो माझी थोडी जागा अडवायचा. अकराव्या दिवशी माझ्यात निम्मंही बळ उरलं नव्हतं. सरांनी परिषदेतला निबंध मागे घेतला आणि दीप्तीशी महिनाभर नीट बोलले नाहीत. मी फळीवर गेलो. दोन वर्षं माझ्याकडे कुणी बघितलं नाही.

एकदा फळी आवरताना गणपतरावांनी नळी उचलली. "मॅडम, हे फेकून देऊ काय? याच्यात आता काही राह्यलं नाही."

"थांबा. नेमका कुठे बिघडला, ते तरी बघू."

तिने माझा एक दाणा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. गंधक बाहेरच्या कडेलाच दाटला होता. आतला गाभा बराच शाबूत होता.

गणपतरावही वाकून बघू लागले. "म्हंजे यानं बाहेरूनच मार खाल्ला. मंग याले एखादा सदरा घालून द्या न."

दीप्ती हसली नाही. वही ओढून लिहायला बसली.

नव्या दाण्यांवर तिने पातळ थर चढवला. तो गंधक धरेल, पण तापवल्यावर सोडूनही देईल, असा हवा होता. चौदा थर फसले. पंधरावा घेऊन ते दोघं पुन्हा चिमणीपाशी गेले. चाळीस दिवसांनी ते दाणे परत आले, तेव्हा त्यांच्यात तीन चतुर्थांश बळ शिल्लक होतं.

"पोट्टे टिकले, मॅडम," गणपतराव म्हणाले.

"अजून पुष्कळ कमी आहे," दीप्ती म्हणाली. पण त्या दिवशी ती दोन घास जास्त जेवली.

मित्रांनो, मी फार थकलोय. मला आता कुणी धुराला लावू नये, एवढंच वाटतं. तुमच्याकडे मात्र एक मागणं आहे. दमून निकामी झालेलं काही टाकून द्यायला निघाल तेव्हा थांबा, आणि त्याला कशाने दमवलं ते आधी बघा.