सासूसमोर वाचलेली पत्रं

कॅप्टन इंद्रभान जवंजाळ ब्रह्मदेशच्या जंगलातून जिता आला, काश्मीरच्या बर्फातून आला, चीनच्या लढाईत नेफातून तर पायाची दोन बोटं तिथंच ठेवून आला. आणि मेला कशानं, तर स्वतःच्या घराच्या टिनांवरून घसरून. बायकोला कोहळ्याची भाजी खावीशी वाटली म्हणून वेलावरचं कोहळं काढायला चढला होता. गावाला या मरणाची भारी लाज वाटली. एवढा मोठा फौजी, अन् कोहळ्यापायी? शेवटी पुढारी नारायणरावांनी ठरवलं, की शोकसभेत भाजीपाल्याचा विषय काढायचा नाही.

साल अडुसष्टचं. तेरवी झाली आणि दुसऱ्याच दिवशी शाळेच्या आवारात सभा भरली. मोताळ्याहून भोंगा आणला. फोटोची मात्र पंचाईत झाली. कॅप्टनचा वर्दीतला एकट्याचा फोटोच नव्हता. होता तो पलटणीतल्या चाळीस जणांसोबतचा. तोच खुर्चीवर ठेवला, आणि कॅप्टन कोणता ते कळावं म्हणून कुणीतरी कुंकवानं गोल काढला. गोल जरा ऐसपैस झाला, त्यात शेजारचा एक सरदारजीही आला. तो बिचारा कुठं पंजाबात जिवंत असेल, तर त्या दिवशी त्याला उचक्या लागल्या असतील.

उकंडराव मास्तर मंचावर बसले होते आणि त्यांच्या अंगाला दरदरून घाम सुटला होता. कारण फोटोच्या बाजूला एक लोखंडी ट्रंक ठेवली होती. कॅप्टननं चोवीस वर्षांच्या नोकरीत घरी लिहिलेली सगळी पत्रं तिच्यात होती, आणि त्यातली दोन-तीन आज भोंग्यावर वाचायची असं नारायणरावांनी जाहीर करून टाकलं होतं.

"वाचणार कोण?" असं विचारल्यावर बायांच्या बाजूनं कॅप्टनची बायको सोजराबाईच बोलली होती. "मास्तरच वाचतीन. मी तं सारे कागद त्यायच्याच तोंडून आयकले."

तेच तर दुखणं होतं.

मास्तर शाळेत शिकवायचे आणि शाळेच्याच एका खोलीत गावचं टपालही सांभाळायचे. सोजराबाईला अक्षरओळख नव्हती. पत्र आलं की संध्याकाळी मास्तर जवंजाळांच्या ओसरीवर जाऊन वाचून दाखवत. खांबाला पाठ टेकून म्हातारी सासू, तानुबाई, बसे. शेजारच्या चार-पाच बाया तुरीच्या शेंगा सोलत बसत. आणि सगळ्यांच्या मागं, दाराच्या आड, डोक्यावर पदर घेतलेली सोजरा उभी असे. पत्र कुणाचंही असो, ते सगळ्या ओसरीचं असायचं. अशी रीतच होती.

पहिलं पत्र ब्रह्मदेशातून आलं तेव्हा मास्तरांनी ऐटीत पाकीट फोडलं, "बरं का काकू," म्हणाले, आणि पहिल्या ओळीवरच अडले. इंद्रभान त्यांचा चौथीपर्यंतचा सोबती. भांडकुदळ, रांगडा गडी. त्यानं असं काही लिहिलं असेल हे मास्तरांच्या सपनातही नव्हतं.

"काऊन थांबला बे?" तानुबाईनं विचारलं. "पोट्टं बरं हाय ना मायं?"

"बरं हाय काकू," मास्तर म्हणाले. आणि मग त्यांनी मनानंच वाचलं, "मातोश्रींना साष्टांग नमस्कार. घरच्यांना आशीर्वाद. बैलाले सरकी चारा. औंदा कांदे लावा."

वाटलं, एवढी वेळ निभावली. सोजरा एकटी भेटली की खरं सांगून टाकू. पण सोजरा एकटी भेटायची कुठं? दुसरं पत्र आलं, तिसरं आलं. तानुबाईनं खांब काही सोडला नाही. ती नव्वदीला टेकेपर्यंत जगली. पत्रं येत राहिली, मास्तर मनानं शेती सांगत राहिले. एकदा कॅप्टन सुट्टीवर आला आणि दोन एकर कांदा पाहून चक्रावला.

"कांदा कोणं लावाले सांगतला?"

"कागदातच लिहलं होतं नं," तानुबाईसकट सगळं घर म्हणालं.

कॅप्टन शिस्तीचा माणूस. त्यानं बराच वेळ डोकं खाजवलं आणि मग हळूच मास्तरांना सांगितलं, "मलेरियानं डोक्शावर असर केला वाटते बे. मले काही याद राह्यत नाही." मास्तरांना त्या रात्री घास गेला नाही.

त्याच सुट्टीत तो अंगणात बसून पोरीची, कलाची, वेणी घाली. गाव हसे. तो म्हणे, "बंदूक साफ करता येते, तं केस नाही इचरता येत काय?" बायकोशी मात्र चारचौघांत एक शब्द बोलत नसे. त्याचं सगळं बोलणं कागदावर. आणि कागदावरचं सगळं बोलणं मास्तरांच्या पोटात.

सभा सुरू झाली. नारायणरावांनी माईक धरला. "बंधूंनो, कॅप्टनसाहेबांना वीरमरण आलं!"

"टिनावर!" मागून कुणीतरी ओरडलं.

"कोण बे तो? चूप बस!" नारायणराव भोंग्यावरूनच खेकसले, आणि मग आधीच्याच सुरात पुढं, "तर अशा या भारतमातेच्या सुपुत्राची देशभक्तीपर पत्रं आता उकंडराव मास्तर वाचतील."

मास्तर उठले. लगेच परत बसले. "चष्मा घरी राह्यला," म्हणाले. चष्मा नाकावरच होता.

"असू द्या, मीच वाचतो," नारायणराव म्हणाले. त्यांना तरी माईक कुठं सोडायचा होता! त्यांनी ट्रंक उघडली, हाताला लागलं ते पत्र काढलं आणि छाती काढून वाचलं, "सोजे..."

भोंग्यातून तो शब्द नदीपलीकडच्या मळ्यापर्यंत गेला.

नारायणराव पुढची ओळ डोळ्यांनी वाचत होते. त्यांचे कान लाल झाले. ते खोकले. भोंगाही खोकला. मग त्यांनी कागद जरा लांब धरला आणि म्हणाले, "...सोजे, आम्ही इथं भारतमातेच्या रक्षणासाठी रक्ताचा शेवटचा थेंब सांडू. जय हिंद!"

टाळ्या पडल्या. मास्तरांनी डोळे मिटले. चोवीस वर्षं आपण जे केलं ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं, आणि ते धडधडीत खोटं वाजलं.

टाळ्या थांबल्या तेव्हा सोजराबाई उभी होती. सभेत बाई उभी राहिली म्हणून लोकही गप्प झाले. ती नारायणरावांकडे पाहतही नव्हती. सोजे हे नाव गावात कुणाला माहीत नव्हतं. माहेरी ती सोजर, सासरी जवंजाळाची सून, मग कलाची माय. सोजे म्हणणारा माणूस एकच, आणि तोही दार लोटल्यावर. मास्तरांनी वाचलेल्या पत्रांत हे नाव एकदाही आलं नव्हतं. आणि नारायणरावांच्या डोक्यातून ते निघणं शक्य नव्हतं.

ती मंचापाशी आली. नारायणरावांच्या हातातला कागद घेतला, ट्रंकेत ठेवला, कडी लावली. मग मास्तरांना म्हणाली, "चाला."

एवढंच. एका बाजूची कडी तिनं धरली, दुसऱ्या बाजूची मास्तरांनी. सगळ्या गावादेखत दोघं ट्रंक घेऊन निघाले.

ओसरीवर कुणी नव्हतं. सारं गाव सभेत होतं. सोजराबाई खांबापाशी बसली, तानुबाईच्या जागेवर. पदर डोक्यावरून खाली आला तरी तिनं सावरला नाही.

"काय काय खोटं वाचलं, मास्तर?"

"सारंच, वहिनी." त्यांची मान वर होईना. "तानुकाकू समोर बसत होत्या. बाया बसत होत्या. तो लिहे, तुया मानीवरचा तीळ मले पहाऱ्यावर दिसते. हे मी सासूसमोर कसं वाचू?"

सोजराबाईचा हात मानेकडे गेला आणि तिथंच राहिला.

"अन् मी तुमच्या हातानं जबाब लिहून घेत होती ते?" तिनं विचारलं. "ढोरं बरी हायेत, पाणी नाही पडलं. ते वाचून काय वाटलं असन त्यायले?"

मास्तर ट्रंकेची कडी चाचपत राहिले.

"सांगा."

"एकदा लिहलं होतं त्यानं," मास्तर अगदी हळू म्हणाले. "तू याचा जबाब देत नाहीस. पण तू आयकतेस हे मले मालूम हाय. तेवढं पुष्कळ झालं."

दूर शाळेकडून भोंगा बडबडतच होता.

"पिन्शन घेऊन चार वर्षं घरी होते," ती म्हणाली. "एका शब्दानं विचारलं नाही मले. तुमी मले मुकं केलं, मास्तर. जित्या माणसासमोर मुकं केलं."

"शिव्या द्या मले वहिनी."

"शिव्या देऊन का होते? वाचा."

मास्तरांनी ट्रंकेच्या तळातून पहिलं पत्र काढलं. घडीवर शाई विटली होती. चष्मा पुसला. मग वाचलं.

"सोजे, इथं चिखल लय हाय. रात्री पहारा असते. काल तू सपनात आली. तुयं कुंकू पुसट झालं होतं, ते मी नीट लावून देल्लं अन् मग जागा झालो. तवापासून बंदुकीवर कुंकवाचं बोट लागलं असन असं वाटते म्हणून पाहून राह्यलो. माय समोर असन तं हसू नोको. मी येतो."

सोजराबाईच्या कपाळावर काही नव्हतं. तेरा दिवस झाले होते. ती हसली नाही, रडलीही नाही. पत्र संपल्यावर तिनं ते हातात घेतलं, उलटं-सुलटं पाहिलं, आणि विचारलं, "'येतो' कुठं लिहलं हाय?"

मास्तरांनी बोट ठेवून दाखवलं. तिनं त्या अक्षरावर आपलं बोट ठेवलं.

मास्तरांनी दुसऱ्या पत्राला हात घातला तेव्हा तिनं ट्रंक बंद केली.

"आज एकच. आता आठवड्याले एक."

"वहिनी, पाचशेच्या वर हायेत. दहा वर्षं लागतीन. मी छप्पन्नाचा हाय. जिना चढलो का छातीत कळ येते."

"येऊ द्या कळ," सोजराबाई म्हणाली. "कागद सरेपर्यंत मराची सोय नाही तुमाले."

मास्तरांनी मान डोलावली, "हाव."