मुखरूची डहाळी

निवडणूक आटोपली की आपल्या गावागावांत आणखी एक निवडणूक लागते. कुणाला कामावरून काढायचं, त्याची! अंगणवाडीची मदतनीस कुणाकडची, नळाला पाणी सोडणारा कुणाचा, हे पानठेल्यावर ठरतं. मंडळी, खोटं वाटत असेल तर आपापल्या गावात डोकावून पाहा.

चंद्रपूरकडच्या जंगलाला लागून असलेल्या एका गावात लटारू नावाच्या पार्टीच्या कार्यकर्त्याने असाच एकाला कामावरून काढायचा अर्ज लिहिला होता. अर्ज होता मुखरूविरुद्ध.

मुखरू वनखात्याचा रोजंदारी मजूर. बारा वर्षं तो पहाटे जंगलाच्या वाटा फिरायचा, वाघाचे पंजे बघायचा. ज्या बाजूला जनावर असेल त्या वाटेवर पळसाची ओली डहाळी आडवी टाकून वर धोंडा ठेवायचा. मोहफुलं वेचायला निघालेल्या बाया डहाळी दिसली की मुकाट्याने माघारी फिरत. पण यंदा प्रचारात, सुटी टाकून, मुखरू दुसऱ्या पार्टीचा दुपट्टा गळ्यात घालून रॅलीत चालला. लटारूची पार्टी निवडून आली, आणि त्याला तो दुपट्टा खुपायला लागला.

लटारूची आत्या अंजनाबाई, निवृत्त अंगणवाडी सेविका. तिने अर्ज वाचला आणि चष्मा काढला.

"काऊन रे बाबू, मुखरूने पार्टी पाहून कधी डहाळी ठेवली काय?"

"सरकारचा रोज खाते अन् आमच्या विरोधात फिरते. असा माणूस मले नाई पायजे!"

"कामावर असताना झेंडा धरला असन, तं काढा त्याले. माही बी सही घे. पन सुटीच्या दिवशी त्याच्या गळ्यात काय हाये, ते तुले काय करा लागते?"

लटारूने ऐकलं नाही. अर्ज गेला. रोजंदारी माणसाची चौकशी कोण करतो? साहेबांनी "उद्यापासून येऊ नको" म्हटलं, आणि मुखरूची जागा लटारूच्याच पार्टीतल्या एकाला मिळाली. तो ऊन चढल्यावर मोटरसायकलवर यायचा, डांबरी रस्त्यावरून एक चक्कर मारायचा आणि निघून जायचा.

मोहफुलं गळायला लागली. एका पहाटे लटारू बायकोला, आशाबाईला, घेऊन टोपल्यांसह निघाला. नाल्याच्या वळणावर आशाबाई थबकली. वाटेवर पळसाची ताजी डहाळी होती, वर धोंडा.

"अजी, डहाळी हाये. घरी चाला."

"मुखरूची हाये ते! काम गेलं म्हून भेवाडून राह्यला आपल्याले. त्याले आता कोन इचारते?" लटारूने डहाळी लाथेने उडवली. "चाल!"

नवऱ्याने म्हटलं म्हणून ती गेली. मोहाखाली वाकून तिने पहिली ओंजळ भरली असेल नसेल, तोच झुडपातून वाघ आला. लटारू ओरडत राहिला, दगड मारत राहिला. डबा बडवत सगळ्यांत आधी धावून आला तो मुखरूच. पण अरेरे! आशाबाई गेली होती. फुलं टोपलीबाहेर सांडली होती.

तेराव्यानंतर लटारू मुखरूच्या दारात गेला.

"तुले तं काढलं होतं. मंग डहाळी काऊन ठेवली?"

"काम माहं गेलं, भाऊ. वाघ तं तिथीच होता ना." मुखरूचे डोळे भरले. "वैनी थांबन, असं वाटलं होतं मले."

"ते थांबली होती," लटारू म्हणाला. "म्याच नेलं तिले." आणि तो दाराशीच खाली बसून हुंदके देऊन रडला.

पुढच्या ग्रामसभेत तो उभा राहिला. म्हणाला, "डहाळी होती. म्या लाथ मारली. मुखरूचं काम म्याच घालवलं, अन् माही बायको बी म्याच घालवली. माहा अर्ज मले वापस पायजे!" अंजनाबाईने पदर डोळ्यांना लावला. मग तिनेच ठराव मांडला आणि दोन्ही पार्ट्यांच्या लोकांनी सह्या केल्या. तीन महिन्यांनी मुखरू कामावर परत आला.

बंधुभगिनींनो, सरकारी कामावरच्या माणसाने कामात पक्ष आणू नये, हे खरंच. जो आणेल त्याला जरूर जाब विचारा. पण ज्याचं काम चोख आहे, त्याच्या गळ्यातला दुपट्टा बघून त्याला घरी बसवू नका. आपण माणूस काढतो तेव्हा त्याच्या शब्दावरचा गावाचा भरवसाही काढून टाकतो, आणि तो परत आणायला कुठलाच अर्ज चालत नाही.

आता लटारूही पहाटे मुखरूबरोबर फिरतो. वळणावरची डहाळी तो स्वतःच्या हाताने ठेवतो, वर धोंडा नीट बसवतो आणि बाया माघारी फिरेपर्यंत तिथून हलत नाही.