लाल फुलीचं झाड

मित्रांनो, मी एक जुनं झाड आहे आणि माझ्या पानांना भोकं आहेत. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण लोक बोलायला सुरुवात तिथूनच करतात.

भोकं पाडतात ते सुरवंट. त्यांची आई म्हणजे तळहाताएवढ्या तपकिरी पतंगाची मादी. तिला खायला तोंडच नसतं! आठवडाभराचं आयुष्य, त्यात एकच काम: माझ्या जातीचं झाड शोधून अंडी घालायची. पोरं तर आईच्या वरताण हट्टी. उपाशी मरतील, पण दुसऱ्या झाडाच्या पानाला तोंड लावणार नाहीत. मला ती आवडतात. कुणाला तरी आवडायला हवीत.

या जंगलात आमच्या जातीची दोनच झाडं होती, मी आणि माझी धाकटी बहीण. यंदा पोरांनी जरा जास्तच ताव मारला. मग लाल रंगाचा डबा घेऊन मुकादम आला. पान फाटकं तर झाड किडकं, हा त्याचा नियम. आम्हा दोघींच्या खोडांवर त्यानं फुल्या मारल्या. बहीण त्याच दुपारी पडली.

करवत माझ्याकडे वळली, तेवढ्यात काटक्या वेचणारी मुकादमाची आत्या आली.

"भोकं दिसली म्हणून पाडतोस होय रे? आधी स्वतःचं बनियन बघ!"

करवतवाले खो खो हसले.

"आत्या, तू मध्ये पडू नकोस. कीड लागलीय."

"कीड? इकडे ये." तिनं त्याचा हात धरून बहिणीच्या नुकत्याच कापलेल्या बुंध्यावर टेकवला. "किडकं खोड भुसभुशीत लागतं. हे ओलं आहे, बाबा. धडधाकट झाड पाडलंस तू."

मुकादमानं हात विजारीला पुसला.

"पंधरा दिवस देतो," तो म्हणाला. "पालवी नाही फुटली तर तुझंही ऐकणार नाही."

आत्यानं बहिणीच्या फांद्यांवरचे सुरवंट टोपलीत गोळा केले आणि ती माझ्यापुढे उभी राहिली. "तुझीच चार पानं उरलीत गं बाई. यांना कुठे नेऊ?"

मला बोलता आलं असतं तर म्हटलं असतं, सोड इथेच. तिनं सोडले. त्यांनी ती चार पानंही फस्त केली आणि कोश विणून गप्प झाले.

तेराव्या दिवशी मला पालवी फुटली.

फुली अजून अंगावर आहे. काल सांजेला एका कोशातून पतंगाची मादी बाहेर आली आणि नेमकी त्या फुलीवर बसून तिनं पंख वाळवले. आता ती अंडी घालेल. पुन्हा भोकं पडतील. पडू देत! मित्रांनो, फाटकं पान दिसलं तर करवत काढण्याआधी एवढंच बघा, तिथे कोण जेवून गेलं. आणि मुकादम, तुम्ही डबा घेऊन खुशाल या. पोरं जेवायला बसलेली असतील.