उभ्या खाचा

स्क्रू आवळून झाला की त्याची खाच उभी ठेवायची, ही सवय फिटरला त्याच्या उस्तादाने लावली होती. चार स्क्रू असोत की चौदा, सगळ्यांच्या खाचा घड्याळात बारा वाजल्यासारख्या सरळ. "पुढच्या वेळी उघडशील तेव्हा एका नजरेत कळेल," उस्ताद म्हणायचा, "स्क्रू आपोआप ढिला झाला, की मध्ये कोणी हात घातला." फिटरने ही गोष्ट कधी कोणाला सांगितली नव्हती. लपवायची म्हणून नव्हे. असली गोष्ट सांगणार कोणाला आणि ऐकणार कोण? बायकोलासुद्धा ती ठाऊक नव्हती.

बायकोला जाऊन पाच महिने झाले होते.

घराच्या मागच्या खोलीत त्याचा कारखाना होता. जाड फळीचं टेबल, त्याला ठोकलेला, वस्तू घट्ट धरणारा व्हाइस, कोपऱ्यात छोटा लेथ, आणि भिंतीवर प्रत्येक पान्ह्याच्या मापाची आकृती काढून त्यावर टांगलेला तो तो पान्हा. नोकरीत होता तेव्हाही शनिवार-रविवार याच खोलीत जायचे. गल्लीतल्या लोकांच्या बिघडलेल्या वस्तू बायको आठवडाभर गोळा करायची. प्रत्येक वस्तूला लाल दोऱ्याने एक चिठ्ठी बांधायची. "मिक्सर. फार आवाज करतो, पण तुमच्या घोरण्याइतका नाही." "इस्त्री. तापत नाही. तुमच्याकडून थोडा ताप घ्यावा." तो वाचून हुं म्हणायचा आणि चिठ्ठी खिळ्याला टोचून ठेवायचा. तीस वर्षांच्या चिठ्ठ्या त्या खिळ्यावर होत्या. खिळा दोनदा बदलावा लागला होता.

दुरुस्त झालेली वस्तू तो दाराजवळच्या फळीवर ठेवायचा आणि सोमवारी बायको ती ज्याची त्याला पोचती करायची. "तुमच्या हाताला यश आहे हो," ती परत येऊन म्हणायची. "शिक्षिका बाई म्हणाल्या, नव्यापेक्षा बरा चालतो."

आता सोमवारीही त्यालाच जावं लागे. आणि हल्ली वस्तू परत यायला लागल्या होत्या. मागच्याच आठवड्यात शिक्षिका बाईंनी मिक्सर दुसऱ्यांदा आणून दिला. फार भीत भीत म्हणाल्या, "काका, रागावू नका हं. पूर्वी तुमचं काम कसं वर्षानुवर्षं टिकायचं." त्याने सुट्या भागांवर ढकललं. "आजकालचा माल असाच येतो, बाई." मिक्सर पुन्हा बसवून दिला, आणि त्यांची पाणी तापवायची किटली बिघडली होती, तीही बसवून दिली.

त्या शनिवारी झोपायच्या खोलीतला टेबलफॅन अडकून अडकून फिरायला लागला. तीन वर्षांपूर्वी त्यानेच तो दुरुस्त केला होता. त्याने तो टेबलावर आणला, उताणा केला आणि स्क्रू ड्रायव्हर उचलला. तो हातातच राहिला.

मागच्या झाकणाचे चार स्क्रू. चार खाचा चार दिशांना.

आधी त्याला वाटलं, आपणच विसरलो असू. मग वाटलं, जेवायला विसरेन, हे विसरणार नाही. त्याने झाकण काढलं. आत तारेचा जोड होता, चकचकीत डाग दिलेला, आणि त्यावर पिवळी नळी चढवलेली. फिटरच्या खोलीत पिवळी नळी कधी नव्हतीच. तो काळी चिकटपट्टी गुंडाळायचा.

तो उठला. इस्त्री आणली, रेडिओ आणला, टेबलावरचा दिवा आणला, बायकोच्या शिलाई मशीनची मोटर काढून आणली. एकेक उघडत गेला. सगळीकडे खाचा तिरप्या. सगळीकडे पिवळी नळी.

पिवळ्या नळीचं अख्खं भेंडोळं कोणी घेऊन ठेवलं होतं, ते त्याला चांगलं माहीत होतं. "जन्मभर पुरेल," असं तो स्वतःच सांगायचा. वायरमन. एकाच कंपनीत दोघांनी तीस वर्षं काढली, हा मशीनवर, तो विजेच्या खात्यात. आता त्याचं नाक्यावर छोटं दुकान होतं. दर रविवारी सकाळी तो याच खोलीत, याच स्टुलावर बसून चहा प्यायचा आणि म्हणायचा, "वा! हात आहे की मशीन!"

रविवारी वायरमन नेहमीच्या वेळेला आला. दारातूनच हसला.

"काय रे, आज बाजार मांडलास की काय?"

"तुझाच माल आहे. ओळख पटते का बघ."

वायरमनने टेबलाकडे पाहिलं. पाच वस्तू पोट फाडून ठेवलेल्या, पाचांतून पिवळ्या नळ्या बाहेर आलेल्या. तो स्टुलाकडे निघाला होता, तिथेच थांबला.

"हे बघ, वहिनींनी..."

"तिचं नाव घेऊ नकोस. उत्तर द्यायला ती इथं नाही. तू आहेस. तू बोल."

वायरमन स्टुलावर बसला, मग उठला, मग पुन्हा बसला.

"सहा वर्षं झाली असतील. तू शिक्षिका बाईंची इस्त्री दुरुस्त केली होतीस. वहिनी द्यायच्या आधी प्रत्येक वस्तू लावून बघायच्या, हे तरी तुला माहीत आहे का? त्यांनी इस्त्री लावली आणि शॉक बसून फेकल्या गेल्या. तारेचा एक केस बाहेर राहिला होता, पत्र्याला टेकलेला. हाताला मार लागला."

"दार लागलं म्हणाली होती."

"तुला म्हणाल्या. त्याच सोमवारी पिशवी घेऊन माझ्या दुकानात आल्या. म्हणाल्या, 'भावजी, जरा नजर टाका, आणि त्यांना कळू देऊ नका.' मग दर सोमवारी यायला लागल्या."

"दर सोमवारी."

"तुझं लोखंडाचं काम कधी चुकलं नाही रे. बुश म्हण, पिन म्हण, मी हातही लावायचो नाही. पण तारेचं काम... तुझ्या बोटांना कळत नाही."

फिटरने दोन्ही हात मागे घेतले. चाळीस वर्षं ग्राइंडर धरून बोटांची टोकं मेली होती. चहाचा कप गरम की गार हे बोटांना कळायचं नाही, ओठांना कळायचं. पण हे त्याने कोणालाही सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

"तुला कोणी सांगितलं?"

"वहिनींनी. तू शर्टाची बटणं आरशासमोर उभा राहून लावायला लागलास ना, त्याच दिवशी त्यांनी ओळखलं."

फिटरला वाटलं होतं, घरात गुपित एकच आहे आणि ते आपलं आहे.

"म्हणजे दोघांनी मिळून माझ्या हातात खुळखुळा दिलात," तो म्हणाला. "वाजव बाबा, खेळ बाबा. मी इथं दोन-दोन दिवस घाम गाळायचो आणि सोमवारी तू अर्ध्या तासात खरं काम करायचास. वर रविवारी येऊन माझीच वाहवा. हात आहे की मशीन! हसायचात का रे दोघं दुकानात बसून?"

"शपथ घेऊन सांगतो, एकदाही नाही."

"केसानं गळा कापलात. चोरानं केलं असतं तर पोलिसांत गेलो असतो. इथं कुठं जाऊ?"

"तुला सांगितलं असतं तर तू ही खोलीच बंद केली असतीस. त्यांना तेच नको होतं."

"मी काय केलं असतं ते माझं मला ठरवू द्यायचं होतं! कदाचित केली असती बंद. कदाचित तुझ्याकडे येऊन म्हटलं असतं, तारेचं तू बघ, लोखंडाचं मी बघतो. दोघांनी बसून केलं असतं. विचारलंत मला?"

फिटर फॅनकडे बघत होता. मग त्याच्या डोक्यात काहीतरी लख्ख पेटलं आणि तो हळू आवाजात म्हणाला, "ती जाऊन पाच महिने झाले."

"हो."

"या पाच महिन्यांत माझ्या हातून गेलेल्या वस्तू कोणी तपासल्या?"

वायरमनने स्टूल मागे सरकवलं.

"मी तुला विचारतोय."

"दर रविवारी ठरवून यायचो की आज सांगायचंच. तुझं तोंड बघितलं की धीर व्हायचा नाही. म्हटलं, आधीच बिचारा..."

"बिचारा!" फिटर उठला. "तिनं फसवलं, पण लोकांच्या घरी जाणारी प्रत्येक वस्तू तपासून फसवलं. आणि तू? तू नुसता चहा पीत बसलास."

हत्यारांच्या कपाटाच्या दारावर तो खडूने लिहून ठेवायचा, कोणाचं काय आलं आणि कधी गेलं. त्याने पाच महिन्यांची यादी वाचली. नऊ वस्तू. बायकोची कापडी पिशवी खुंटीवरून काढली, दुसरी एक पिशवी वायरमनच्या अंगावर टाकली आणि पायात चपला सरकवल्या.

"चल. तू फक्त उचलायचं. बोलणार मी."

पहिलं घर शिक्षिका बाईंचं. दार उघडताच तो म्हणाला, "बाई, मिक्सर आणि किटली परत द्या. माझं काम चुकलेलं असू शकतं."

"अहो काका, किटली छान चाललीये. आत्ताच पाणी..."

"प्लग काढा आधी. मग बोला."

त्याचा आवाज ऐकून बाई मुकाट्याने आत गेल्या. पुढच्या घरी शिंपी होता. तो हसत म्हणाला, "काय फिटरकाका, दिलेलं परत मागायला लागलात? लहान मुलांची कट्टी झाली की काय?" फिटर हसला नाही. "माझं काम चुकलेलं असू शकतं," तो पुन्हा म्हणाला. प्रत्येक दारात तेच वाक्य, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. पहिल्या दारात जड गेलं होतं. सातव्या दारापर्यंत सरावलं. वायरमन मागे पिशव्या धरून उभा होता, घरातला मोठा बोलणी खात असताना धाकट्यानं उभं राहावं तसा.

परत येऊन वायरमनने मीटर लावला. सहा वस्तू ठीक निघाल्या. दोनांत जोड ढिले. किटलीला मीटरची टोकं लावली तेव्हा काटा सरळ उठला. करंट पत्र्यात उतरत होता.

"हँडल प्लास्टिकचं होतं म्हणून निभावलं," वायरमन म्हणाला आणि लगेच त्याला वाटलं, बोलायला नको होतं.

फिटर बराच वेळ किटलीकडे बघत बसला. मागच्या सोमवारी त्यानेच ती बाईंच्या हातात दिली होती. बाईंनी "वा, चकाचक" म्हटलं होतं आणि तो खूश होऊन घरी आला होता.

"जा तू आता," तो म्हणाला. "रविवारी येत जाऊ नकोस."

"अरे, तीस वर्षांचं..."

"म्हणूनच. या तीन वस्तू सोमवारी मी घेऊन येईन."

सोमवारी तो बायकोची पिशवी घेऊन नाक्यावर गेला. वायरमनच्या दुकानात इतक्या वर्षांत तो दारापर्यंतच आला होता, आत कधी आला नव्हता. वायरमनने लगबगीने खुर्ची पुढे केली. फिटर बसला नाही. त्याची नजर भिंतीवर गेली होती. तिथे एक खिळा होता. खिळ्यावर चिठ्ठ्या. चिठ्ठ्यांना लाल दोरा.

त्या फक्त आपल्याच नशिबी आहेत असं तो तीस वर्षं समजत होता.

वायरमन आडवा आला, पण उशीर झाला होता. फिटरने मधलीच एक चिठ्ठी वाचली. "भावजी, टेबलफॅन. बेअरिंगला तेल त्यांनी छान दिलंय, तिथं हात लावू नका. फक्त वायर बघा. आणि बोलताना सांभाळा, मागच्या रविवारी तुम्ही फारच स्तुती केलीत." तिच्या खालची वाचली. "रेडिओ. बटण त्यांनी लेथवर स्वतः बनवलंय. ते तसंच राहू द्या." तिसरी त्याने वाचली नाही.

"घेऊन जा हव्या तर," वायरमन म्हणाला. "तुझ्याच आहेत."

"माझ्या नाहीत. तुला लिहिलेल्या आहेत."

त्याने पिशवीतून तीन वस्तू काढून टेबलावर ओळीने ठेवल्या. वायरमनच्या कानावरची पेन्सिल मागून घेतली, एक कागद फाडला आणि उभ्या उभ्या लिहायला लागला. बोटांत पेन्सिल आहे की नाही हे कळत नव्हतं, म्हणून एकेक अक्षर बघून लिहावं लागलं. लाल दोरा त्याच्याकडे नव्हता. कागद किटलीच्या हँडलमध्ये खोचला आणि तो निघाला.

तो नाका ओलांडेपर्यंत वायरमनने चिठ्ठीला हात लावला नाही. मग उचलली.

"किटली. वायर मी जोडली आहे, म्हणून नीट तपास. बाईंना द्यायच्या आधी मी स्वतः मीटर लावून बघणार. स्क्रू परत बसवताना खाचा उभ्या ठेव. मी बघेन."