मागच्या टेबलावरची दोन माणसं

"भाऊ, खाली या पटकन. एक म्हातारा-म्हातारी आलेत. तुमचं नाव माहीत नाही, पण 'पावडर लावणारा माणूस' पाहिजे म्हणतात."

गेटवरच्या सिक्युरिटीचा फोन. मी म्हटलं, घ्या! पंधरा वर्षं या चॅनेलच्या हेड ऑफिसात लोकांची तोंडं रंगवतोय, पण मला भेटायला आजवर कुणी फिरकलं नव्हतं. निगडीच्या पुढे हायवेला लागून आमची ही सहा मजली काचेची इमारत, गच्चीवर चार मोठाल्या डिश. इथं येणाऱ्याला अँकर हवी असते, संपादक हवा असतो. ज्योतीराम मेकअपवाल्याकडे कुणाचं काय अडलंय? मूळचा मी औशाचा. आकुर्डीत सलून होतं, तिथं एका कॅमेरामनची दाढी करता करता इथं चिकटलो, एवढीच माझी कर्तबगारी.

खाली गेलो. रिसेप्शनच्या सोफ्यावर दोघं अगदी कडेला टेकली होती, सोफा मळेल अशा भीतीनं. म्हातारीनं मान वर केली आणि मी ओळखलं. मला नावं लक्षात राहत नाहीत, पण हाताखालून गेलेला चेहरा मी विसरत नाही.

गवराबाई. चाकणच्या पलीकडच्या गावातली. मागच्या वर्षी आमच्याकडे हरवलेल्या माणसांचा एक कार्यक्रम लागायचा, त्यात आली होती. तिचा एकुलता एक मुलगा, सार्थक, घर सोडून गेला होता. चाकणच्या एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर होता पोरगा. काम सुटलं, पण घरी सांगायची हिंमत झाली नाही. तीन महिने रोज डबा घेऊन शिफ्टच्या वेळेला निघायचा आणि दिवसभर मोशीला नदीकाठी बसून परत यायचा. बापाला कळलं तेव्हा बापानं भर बसस्टॉपवर चार लोकांत त्याच्या कानाखाली वाजवली. म्हणाला, "तोंड दाखवू नको मला." पोरानं ते खरंच धरलं.

त्या दिवशी गवराबाई नवी हिरवी साडी नेसून, केस चापूनचोपून बसवून आली होती आणि कपाळावर हे एवढं रुपयाएवढं कुंकू. मला म्हणाली होती, "पोरगं बगत असंल, तर आई चांगली दिसाया पायजे." मी तिला खुर्चीत बसवलं आणि तेवढ्यात आमच्या प्रोड्युसर सुप्रिया मॅडम डोकावल्या. "भाऊ, ह्या लग्नाला आल्यासारख्या दिसतायत. केस थोडे सोडा. आणि ते कुंकू लाइटमध्ये फार मारतंय, काढा. आईचं दुःख दिसलं पाहिजे."

मी ओला टिश्यू घेतला. बाईनं माझं मनगट धरलं. "भाऊ, नवरा हाय माजा."

आणि मी काय बोललो? म्हणालो, "मावशी, टीव्हीत असंच असतं. बाहेर गेल्यावर लावा की परत." वर पुसलेल्या जागी नीट पावडर लावली, डाग दिसू नये म्हणून. आपलं काम चोख असतं ना! मंगळसूत्र माइकवर आपटून खडखड करतं म्हणून साउंडवाल्यानं ते पदराच्या आत सारायला लावलं. कुणाच्याच मनात काही वाईट नव्हतं. बाई कॅमेऱ्यासमोर रडली, मॅडम खूश झाल्या, आणि मी डबा खायला गेलो.

"बसा ना मावशी, बसा," मी म्हणालो. "लागला का पत्ता?"

"लागला व्हता," गवराबाई म्हणाली. "आन् सुटला."

सोबतचा म्हातारा म्हणजे तिचा नवरा, तात्याबा. पांढरी टोपी, धुतलेलं धोतर. तो समोरच्या भिंतीवरच्या स्क्रीनकडे बघत राहिला. बोलली ती एकटीच.

त्यांच्या गावचा दत्तोबा ट्रक चालवतो, कंपन्यांचे पार्ट घेऊन गुजरातला जातो. सार्थकचा फोटो त्यानं ट्रकच्या काचेला आतून चिकटवला होता. गेल्या आठवड्यात सुरतेला एका मराठी खानावळीपाशी गाडी लावली, तर खानावळवाला फोटो बघून म्हणाला, अरे, हा तर आपल्याकडे ताटं वाढायला होता! एका संध्याकाळी टीव्ही लागला होता. वाढता वाढता पोरानं वर पाहिलं आणि हातातलं भांडं टाकून तिथंच खाली बसला. टीव्हीत त्याची आई होती. मोकळं कपाळ, मोकळा गळा. "माझा बाप गेला," म्हणाला. "माझ्यापायी गेला." दुसऱ्या दिवशी तापीवर जाऊन डोकं भादरून आला. तेरा दिवस जमिनीवर निजला, एक वेळ जेवला. खानावळवाल्यानं लाख समजावलं, गावाकडे फोन लाव. म्हणाला, कुठल्या तोंडानं लावू? चौदाव्या दिवशी उठून गेला. कुठं गेला, कुणाला ठाऊक नाही.

"जित्या बापाचं सुतक धरलं वो लेकरानं," गवराबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. रडून झालं असणार सगळं.

मला खुर्चीवर बसताही येईना आणि उभंही राहवेना. हे हात. याच हातांनी पुसलं होतं. मी म्हणालो, "मावशी, मला जोड्यानं मारा."

"मारून काय व्हायचं हाय? राग न्हाई तुमच्यावर. पर तुमी पुसलं, तर आता तुमीच दाखवा. कुंकू लावून मला बसवा, शेजारी ह्यास्नी बसवा. बोलत न्हाई आमी काई. नुसतं दिसू द्या त्याला, बाप हाय म्हनून."

मी फोनवर व्हिडिओ काढून सगळीकडे टाकतो म्हणालो, आणि लगेच काढलाही. पण तिचं समाधान होईना. पोराचा फोन वर्षभर बंद होता. "त्यानं टीव्हीत बगितलं, तर टीव्हीतच दिसलं पायजे," तिचं एकच. आणि मला ते पटलं.

चौथ्या मजल्यावर सुप्रिया मॅडमच्या केबिनमध्ये गेलो. बाई वाईट नाही, हे सांगायला हवं. सगळं ऐकून तिचा चेहरा उतरला.

"भाऊ, तो कार्यक्रम बंद होऊन सहा महिने झाले."

"बातम्यांत एक मिनिट द्या, मॅडम. अर्धं मिनिट."

"आणि काय सांगायचं? आमच्या मेकअप रूममध्ये एका सवाष्णीचं कुंकू पुसलं आणि त्यामुळे असं झालं? हे आपणच आपल्या चॅनेलवर सांगायचं? वरचे लोक मला उद्या घरी बसवतील. आणि तुम्हालाही."

"मला बसवू द्या."

"असं बोलू नका. मुलीचं लग्न काढलंय ना तुम्ही?" मग हळूच, "सॉरी, भाऊ."

सॉरी! मी बाहेर आलो. डोळे भरून आले होते. जिन्यात थांबून मी ते रंग पुसायच्या टॉवेलनं पुसले आणि स्वतःलाच मनापासून शिव्या घातल्या.

सहा वाजता वर्षाली मेकअपला बसली. सातच्या बातम्या तीच वाचते. एरवी मी तिची टर उडवतो, "ताई, आज डोळ्यांखाली किती वाजता झोपलात ते लिहिलंय." त्या दिवशी गप्प होतो. तिनं आरशातून विचारलं, "भाऊ, काय झालं?" तर बांध फुटल्यासारखं सगळं बोललो.

तिनं खुर्ची माझ्याकडे फिरवली. मग म्हणाली, "आज मागं कोण बसणार आहे?"

आमची एक पद्धत आहे. अँकरच्या मागे काच आणि काचेपलीकडे न्यूजरूम, टीव्हीत दिसते ती. ती कायम गजबजलेली दिसायला हवी असा वरून हुकूम. संध्याकाळी निम्मे लोक बाहेर असतात, मग कॅन्टीनवाला, ड्रायव्हर, कुणालाही धरून कॉम्प्युटरसमोर बसवतात. मीसुद्धा कितीदा माउस हातात घेऊन पत्रकार झालोय. एकदा बायकोनं घरून फोन केला होता, "अहो, तो निळा शर्ट नका घालत जाऊ, पोट दिसतं."

"बरोबर माझ्या मागचं टेबल," वर्षाली म्हणाली. "बसवा दोघांना. मी काही बघितलं नाही."

मी धावत खाली गेलो. दोघांना मालाच्या लिफ्टनं वर आणलं आणि मेकअप रूमचं दार लावून घेतलं. गवराबाईला खुर्चीत बसवलं, चेहरा पुसला, हलकी पावडर लावली. कुंकवाचा करंडा तिनं स्वतः आणला होता, पिशवीतून काढून माझ्यापुढे धरला. माझा हात पुढे झाला आणि मागे आला. पुसताना परका पुरुष चालला होता, लावताना कसा चालेल?

"तात्याबा, तुम्ही लावा," मी म्हणालो.

म्हातारा गडबडला. "मी? मला कुठं येतंय?"

"लग्नात लावलं नव्हतं का?"

"तवा लोकांनी हात धरला व्हता," तो म्हणाला, आणि गवराबाई चक्क लाजली. तोंडाला पदर लावून म्हणाली, "लावा की आता. वाट कसली बगताय?"

त्यानं बोट करंड्यात बुडवलं. डाव्या हातानं उजवं मनगट धरून त्यानं तिच्या कपाळावर टेकवलं आणि हळूहळू गोल फिरवत मोठं केलं. जरा डावीकडे गेलं, कडा फिसकटल्या. माझा हात शिवशिवला, पण मी ते नीट करायला गेलो नाही. मंगळसूत्र तिनं पदरावर घेतलं.

सातला पाच कमी असताना त्यांना मागच्या टेबलावर नेऊन बसवलं. "कॅमेरा तो समोरचा. त्याच्याकडे बघत राहा. अर्धा तास उठायचं नाही." दोघांनी माना हलवल्या. न्यूजरूममधल्या चार पोरांनी पाहिलं, पण कुणी चकार शब्द काढला नाही.

बातम्या सुरू झाल्या. मी स्टुडिओत मॉनिटरसमोर जाऊन उभा राहिलो.

वर्षाली स्पष्ट दिसत होती. एकेक पापणी मोजून घ्यावी इतकी. आणि तिच्या मागे सगळं पुसट. दिवाळीला नवा कॅमेरा आला होता. तो पुढचा माणूस तेवढा धरतो आणि मागचं सगळं धूसर करतो. छान दिसतं म्हणे. मी रोज मेकअप करून डब्याला पळणारा, माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. पुसट उजेडात दोन ठिपके होते. एक तिच्या साडीचा हिरवट, एक त्याचा पांढरा. कुंकू कुठं आहे ते मलाच सापडेना, आणि ते कुठं आहे हे मला माहीत होतं.

मी कॅमेरामन सुजितच्या दंडाला धरून खुणेनं विनवलं, मागचं जरा नीट कर, बाबा. त्यानं काचेकडे पाहिलं, त्याला कळलं असावं. पण लाइव्ह चालू होतं, वर कंट्रोल रूम बसली होती. त्यानं मान हलवली. नाही.

अर्धा तास वर्षालीनं हिंजवडीचं ट्रॅफिक वाचलं, पाणीकपात वाचली, कुठल्याशा मॅचचा स्कोअर वाचला. मागे ती दोघं काचेकडे तोंड करून ताठ बसली होती. तो पांढरा ठिपका मधूनच वर व्हायचा, थोडा हलायचा आणि खाली जायचा. म्हातारा कंटाळला असेल, मला वाटलं.

संपल्यावर मीच त्यांना खाली गेटपर्यंत आणलं. पाय उचलत नव्हते माझे. गेटवरच्या उजेडात गवराबाईचा चेहरा वर्षभराचं ओझं उतरल्यासारखा दिसत होता.

"दिसलो का आमी?" तिनं विचारलं.

"दिसलात."

"कुक्कू?"

"लांबूनसुद्धा दिसत होतं, मावशी."

देवा, मला माफ कर. पण दुसरं काय बोलणार होतो?

तात्याबा दुपारपासून माझ्याशी स्वतःहून एक अक्षर बोलला नव्हता. आता जवळ आला. "आन् हात? मी मदनंमदनं हात हालवत व्हतो, त्यो दिसला का? नुसता बसलो असतो तर त्याला वाटलं असतं, आयशीनं बापाचा फोटू मांडलाय शेजारी."

"हातपण दिसला," मी कसंबसं म्हणालो. "चहा घेऊन जा."

"न्हाई, न्हाई," म्हातारा घाईघाईनं टोपी सारखी करत म्हणाला. "चल गं. चाकणची गाडी घावाया पायजे. आता बगितलं असंल त्यानं, तर निगालाबी असंल. आन् घराला कुलूप हाय."

दोघं हायवेच्या कडेनं स्टॉपकडे जवळजवळ पळतच निघाली.