टोपीवरचे खडे

“छातीवर लाल खडा मी नही लावस,” मालतीबाई म्हणाली आणि साडीचा पदर चेतनच्या मांडीवर टाकून मोकळी झाली.

“मावशी, पदक आहे ते, पदक! सॅम्पल बघ ना.”

“पदक सोनानं ऱ्हास. लाल कथाईन उनं?”

“सोनेरी खडे मार्केटमधून खलास. सगळ्यांनी एकदमच शिपाई छापले. शेठ बोलले, लाल लगावी दो.”

“तीन गोळ्या लागेल मानूस दिसस तो. शेठले म्हना, तुमीच लावा.”

मी समोरच्या ओट्यावर बसून बिडी विझवत होतो. सुरतेत आमच्या लिंबायतच्या गल्लीत लूमचा खडखडाट एवढा, की इथले कावळेसुद्धा एकमेकांशी खुणांनी बोलतात. चाळीस वर्षं लूम चालवून माझे कान गेले, पण ओठ वाचता येतात. शिवाय मालतीबाईचं बोलणं ऐकायला कान लागतच नाहीत. ती रागावली की भिंतीला कळतं. नवरा लूमवरच गेला, तेव्हापासून ती घरी बसून मार्केटच्या साड्यांना खडे चिकटवते, सुटलेले धागे कापते. हात असा, की तिने लावलेला खडा साडी फाटली तरी निघत नाही. एकुलता एक मुलगा, कुंदन, फौजेत. गाडी चालवतो. बंदुकीपेक्षा जॅक जास्त हाताळलेला माणूस.

तिकडे सरहद्दीवर लढाई जुंपून दोन-तीन दिवस झाले होते. चहाच्या लारीवरच्या, म्हणजे हातगाडीवरच्या, टीव्हीने तेवढ्यात शत्रूची तीन शहरं घेतली होती आणि चौथं जाहिरातीनंतर घेणार होता. मी आयुष्यभर थापा मारल्या. तापीच्या पुरात म्हशीच्या पाठीवर बसून मी मक्काई पुलाखालून गेलो, हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता मलाही ती म्हैस आठवते. पण त्या टीव्हीपुढे मी हात टेकले. माझ्या थापेत निदान म्हैस तरी जिवंत राहायची.

मार्केट तर टीव्हीच्याही पुढे. पहिली बातमी आली त्याच दिवशी कुणीतरी कॉम्प्युटरवर डिझाइन काढलं आणि दुसऱ्या दिवशी साडी छापून बाहेर. हिरवट खाकी अंग. काठावर तोफा. निऱ्यांत रणगाडा, म्हणजे बाई चालायला लागली की रणगाडाही चालणार. पदरावर विमानं आणि पदराच्या टोकाला सलाम ठोकणारा एक शिपाई. त्याच्याच छातीवर ते तीन खडे लावायचे होते.

“मावशी, भाव नको खाऊ,” चेतन म्हणाला. हा चेतन आमच्याच गल्लीतला, पारोळ्याकडचा पोरगा. पण शेठच्या हाताखाली माल फिरवायला लागल्यापासून गुजरातीतच शिंकतो. “माल आजेज जोईए, आजच. आता नाय निघाला तर कधी निघणार? लढाई अजून आठ दिवस चालली ना, तर आपली दिवाळी...”

आणि मग त्याच्या लक्षात आलं, आपण कुणाच्या दारात उभे आहोत. त्याने जीभ चावली.  मालतीबाईने खड्यांची पुडी ओढून घेतली, गोंदाची नळी उघडली आणि म्हणाली, “ठेव लॉट. जाय.”

तिने काम केलं. गठ्ठ्यातल्या प्रत्येक साडीला तीन खडे लावले. पण छातीवर नाही, टोपीवर. समोर बिल्ला असतो ना, तिथे, जवळजवळ. संध्याकाळी चेतनने घडी उलगडली आणि डोकं धरून खालीच बसला.

“आ शुं कर्युं, मावशी! शेठ मला कापून टाकेल!”

“टोपीवर चांगला दिसस. नवरदेव दिसस.”

“उखा आप्पा, तुम्ही तरी सांगा हिला!”

मी म्हणालो, “अरे, फौजेत टोपीवर खडे म्हणजे लई मोठा हुद्दा. माझा एक मामा होता, त्याच्या टोपीवर सात होते. त्याला बघून शत्रूचा सेनापतीच सलाम करायचा.”

“तुमचा मामा इथल्या सचिन गावात केमिकलच्या कारखान्यात वॉचमन होता!”

“तो दुसरा मामा.”

खडे उपटले असते तर गोंदाचे डाग राहिले असते, आणि वेळ तर कुणालाच नव्हता. चेतन तसाच गठ्ठा घेऊन गेला. शेठनेही तो तसाच दुकानांवर चढवला. लढाईत कोण बघतं खडे कुठे लागलेत ते.

त्या दिवसांत कुंदनचा फोन लागत नव्हता. सायरनची कवायत झाली, सगळ्या गल्लीने हौसेने दिवे घालवले, पोरांनी शिट्ट्या मारल्या. मालतीबाई ओट्यावर येऊन बसली, चांदण्यात मला ओठ दिसतील एवढी जवळ.

“आप्पा, एखादी सांगा.”

“कसली सांगू?”

“कसलीबी. खोटी सांगा. खरी नको.”

मग मी तिला कुंदनच्या गाडीची गोष्ट सांगितली. गाडीत काय भरलंय? बटाटे. नुसते बटाटे. आता सांग, बटाट्याच्या गाडीवर कोण गोळी झाडेल? समोरच्या सैन्यालाही भूक असते. ते म्हणतील, याला जाऊ द्या रे, परत येताना आपल्यालाही पोतंभर देईल. दोन्हीकडचे तोफवाले याच्या गाडीचा हॉर्न ऐकला की तोफा बंद करतात, आणि गाडी वळणावरून गेली की एकमेकांना विचारून पुन्हा सुरू करतात.

ती हसली. तोंडावर पदर घेऊन हसली. मग म्हणाली, “बटाटाच वाहस तो, आप्पा. मागला फोनवर सांगे. कांदा, बटाटा आनि रॉकेल.”

“मग? मी खोटं सांगतो का कधी?”

चार दिवसांनी लढाई थांबली. कशी सुरू झाली ते जसं आम्हाला कुणी विचारलं नव्हतं, तसं थांबतानाही नाही. लारीवर लोक चिडले. ज्यांची पोरं टायरच्या दुकानात होती ते म्हणाले, अजून थोडी चालायला हवी होती. ज्यांना साधी सुई टोचली तर चक्कर येते, ते म्हणाले, आता माघार म्हणजे नामर्दपणा. त्या दिवशी गल्लीत दोनच तोंडं बघण्यासारखी होती. एक चेतनचं: लॉटच्या लॉट परत यायला लागले होते, काल ज्या साडीसाठी मारामारी ती आज कुणी हातात धरेना. तो सुतकात बसल्यासारखा बसला होता. आणि दुसरं मालतीबाईचं. कुंदनचा फोन आला होता.

“संपनं म्हने, आई. सुटी मंजूर व्हई जाई म्हने. मूगनी खिचडी करी ठेव म्हने.” तिने गल्लीभर शिरा वाटला. चेतनलाही दिला. त्याने तो असा खाल्ला, की जणू कडू काढा.

त्याच रात्री कुंदन वरच्या चौकीवर शेवटचा माल पोचवून उतरत होता. लढाई थांबली होती, पण रात्री दिवे न लावता गाडी चालवायचा हुकूम अजून उठला नव्हता. हुकूम खाली यायला वेळ लागतो. गोळी लवकर पोचते. गाडी वळणावरून दरीत गेली. गाडीत काय होतं? रिकामी पोती.

थापा मारणाऱ्या माणसाने एवढं तरी पाळावं, की देवाने त्यातल्या कुठल्या ऐकाव्यात हे देवालाच ठरवू द्यावं. गोळी कुणी झाडलीच नाही. ती माझी गोष्ट अक्षरशः खरी झाली.

तिरंग्यात गुंडाळून आणलं. गर्दी झाली. माइक घेऊन एक मुलगी आली, तिने मला बाजूला घेऊन विचारलं, “काका, गोळी कुठे लागली?” मी म्हणालो, “गोळी नाही बाळ, गाडी दरीत गेली.” “लढाई चालू असताना ना?” “थांबल्यावर.” तिने माइक खाली केला. पुढाऱ्याचा माणूस चौकात बॅनरचं माप घेत होता. त्याच्या कानावर हे गेलं आणि बॅनर अर्ध्यावर आला. आधी दोन्ही खांबांना पुरणार होता, मग एकाच खांबाला पुरला. त्यावरही पुढाऱ्याचं डोकं कुंदनपेक्षा मोठं. मेलेल्या माणसाचीसुद्धा प्रतवारी लागते, सुताच्या कोनासारखी. गोळी लागली तर पहिला नंबर. घसरून मेला तर सेकंड.

मालतीबाईला यातलं काही कळत होतं की नाही, माहीत नाही. तिने एकच विचारलं, फौजेतून आलेल्या त्या अवघडून उभ्या सुभेदाराला. “त्यानी छातीले काही लागेल व्हतं का?”

“नाही, आई. डोक्याला मार होता.”

तिने मान हलवली.

तेराव्याला दुखवटा आला. आमच्यात बाईच्या घरी असं काही घडलं, की तिचं माहेर वस्त्र घेऊन येतं. त्या वस्त्राची रीत कडक. ते पसंत करायचं नाही, भाव करायचा नाही, घडी मोडून बघायचं तर नाहीच. दुकानात जाऊन नुसतं म्हणायचं, दुखवट्याचं द्या. दुकानदार देईल ते खाली मान घालून आणायचं. आणि एकदा आणलं की परत न्यायचं नाही. परत नेलं तर मागोमाग दुसरा दुखवटा येतो म्हणतात. त्याच दिवशी, सगळ्यांसमोर, ते बाईच्या अंगावर घालायचं, आणि ते अंगावर पडलं की बायकांनी हंबरडा फोडायचा.

तिचा भाऊ श्रीरंग भुसावळच्या गाडीने सकाळी उतरला. सुरतेची साडी सुरतेतच घ्यावी म्हणून त्याने स्टेशनजवळच्या दुकानात ती घेतली. खेड्यातला असता तर दुकानदाराला दुखवटा म्हणजे काय ते कळलं असतं. इथे गादीवर कुणी परमुलखातला माणूस. त्याला एवढंच समजलं, की गिऱ्हाईक बघत नाही, भाव करत नाही. असं गिऱ्हाईक मार्केटला जन्मात एकदा भेटतं. वरून दिसायला साडी हिरवट, साधी. पदर घडीच्या आत.

रंजनाबाई गल्लीतली वडीलधारी. तिने वस्त्र ताटातून उचललं, घडी मोडली आणि मालतीबाईच्या खांद्यावर टाकायला पसरलं.

आधी तोफा निघाल्या. मग विमानं.

घर गप्प झालं. एवढं गप्प, की मला, बहिऱ्याला, ते ऐकू आलं.

“व माय,” रंजनाबाईच्या हातून साडी सुटली. “हाई काय आनं रे श्रीरंग?”

श्रीरंग आधी साडीकडे बघत राहिला, मग आमच्याकडे. बिचारा शाळेत घंटा वाजवणारा माणूस. “माले काय ठावकं... मी देखीच नही. देखतस नही ना, ताई. मी नही देखी.” आणि तो तिथेच भिंतीला टेकून लहान मुलासारखा हुंदके द्यायला लागला. दारात चेतन उभा होता; तो मागच्या मागे सटकला.

“घडी करा,” कुणीतरी म्हणालं. “दुसरं आना.”

“परत नेता येत नाही,” दुसरीने दबक्या आवाजात आठवण करून दिली.

मालतीबाई पाटावर बसली होती. तिने खाली पडलेली साडी ओढून घेतली. सरावाने, जसा लॉट आला की घ्यायची तशी. पदर शोधला. टोकाचा शिपाई सापडला तशी ती थांबली, वाकली, त्याच्या टोपीवर बोट फिरवलं. तीन लाल खडे, जवळजवळ. एकही हललेला नव्हता.

“मन्हा हातनी शे,” ती म्हणाली.

मग साडी उलटी केली. शिपायाच्या बुटाखाली एक धागा लोंबत होता, तिच्या नजरेतून तेव्हा सुटलेला. तिने माझ्याकडे हात पुढे केला. मला कळलं. खिडकीतली कातर मी उचलून दिली. तिने धागा कापला, बोटाला गुंडाळला, पाटाखाली ठेवला.

“आते टाका, रंजना माय.”

रंजनाबाईने साडी तिच्या डोक्यावरून घेतली. विमानं कपाळावर आली. पदर अंगावरून वळून खाली आला आणि सलाम ठोकणारा शिपाई तिच्या मांडीवर येऊन पडला. बायका तशाच बसून होत्या. 

“रडा ना व माय,” मालतीबाई म्हणाली. “रीत शे.”

आणि शिपायाच्या कोऱ्या छातीवर तिने आपला तळहात ठेवला.